फांदी न मोडणारं घर

माय,

तुझं घर काल परत संत्र्याच्या बागेत गेलं. एवढं एकच वाक्य तुला सांगायचं होतं, म्हणून सकाळी शिलाई मशीनवरचं कापड बाजूला सारलं आणि लिहायला बसले. तू गेलीस तेव्हा माझी लेक पाळण्यात होती. आता ती अकोल्यात लोकांच्या घरांचे नकाशे काढून देते आणि मधूनच विचारते, "आजी बोलायची कशी?" काय सांगणार तिला? तू बोलायचीस कमी. तू एक घर केलंस, तेही चाकावर, आणि बोलण्याचं काम सगळ्या गावानं केलं. गेले काही दिवस मात्र त्या घरापायी माझ्या जिवाला घोर लागला होता. दादानं ते भंगारात द्यायचं ठरवलं होतं. आता तो घोर उतरला आहे, आणि उतरल्यावर कुणाला तरी सांगावंसं वाटतंच. ज्यांना सांगायचं त्यांना सांगून झालं. उरलीस तू.

तुला सगळं ठाऊक आहे, पण लेकीला सांगता सांगता मलाच ते नव्यानं दिसलं, म्हणून पहिल्यापासून लिहिते. बाबा संत्र्याचे बहार उक्ते घ्यायचे. फळ लिंबाएवढं असतानाच अख्ख्या बागेचा सौदा करायचा आणि मग तोड होईपर्यंत राखण आपली. शेंदूरजनाघाटच्या आसपास जिथं सौदा झाला त्या बागेत आपण चौघं राहायला जायचो. राहायला म्हणजे काय, चार बल्ल्या, तुराट्यांचे ताटवे आणि वर ताडपत्री. एक बाग आटोपली की ते उकलायचं आणि दुसऱ्या बागेत पुन्हा उभं करायचं. बाबांना त्याचं काही वाटत नव्हतं, कारण उकलायचीस तू आणि उभं करायचीसही तूच. एका सकाळी दादाच्या अंथरुणातून विंचू निघाला. तू तो चिमट्यानं उचलून बाहेर टाकलास, हात धुतलेस, बाबांना चहा दिलास आणि म्हणालीस, "मले आता घर पाह्यजे."

"गावात हाय न घर," बाबा म्हणाले.

"थे तुमच्या मायचं हाय. मले बागेत पाह्यजे."

"अवं पण बाग तं दर साली बदलते."

"मंग घरानंही बदलावं. चाकं लावा त्याले."

बाबा हसले. पण संत्र्याच्या पेट्या वाहायची एक जुनी ट्रॉली आपल्याकडे पडून होती, आणि विंचू बाबांनीही पाहिला होता. दोन-चार दिवसांनी ते म्हणाले, "करून घे तुह्या मनासारखं." त्यांना वाटलं असेल, बायको ट्रॉलीवर एक टप टाकून घेईल आणि विषय संपेल. तसं झालं नाही. तू आधी ट्रॉलीची लांबी-रुंदी सुतळीनं मोजलीस आणि गावातल्या घराच्या अंगणात, सारवलेल्या जमिनीवर, चुन्याच्या फकीनं तेवढाच एक चौकोन आखलास. त्यात एक दार ठेवलंस. चूल इथं, बाबांची बाज इथं, दादा इकडे, मी तिकडे, पिठाचा डबा इथं, असं सगळं चुन्यानं काढलंस. आणि आम्हाला सांगितलंस की आजपासून आपण यात राहायचं. खरोखर राहायचं, स्वयंपाक-जेवण-झोप सगळं त्यातच, आणि रेघ कुणी ओलांडायची नाही, कारण ती भिंत आहे.

ते आठ-दहा दिवस मला अजून जसेच्या तसे दिसतात. बाबा बाहेरून येतात, चप्पल काढतात आणि सवयीनं सरळ बाजेकडे चालायला लागतात. तू चुलीपासून मान वळवून म्हणतेस, "भितीतून आले तुमी. माघारी जा, दारानं या." आणि बाबा, ज्यांच्या आवाजाला बागेतले मजूर टरकत, ते मुकाट्यानं माघारी जातात आणि दारानं येतात. कुंपणापलीकडून शेजारीण विचारते, "काय वं, सारे मिळून कबड्डी खेळून राहिले का?" तू बघत असतेस. बाबा सदरा घालताना त्यांचं कोपर दादाच्या अंथरुणावर जातं, ते तू बघतेस. मी पाणी प्यायला उठले तर मला चूल ओलांडून जावं लागतं, तेही बघतेस. रात्रीची भांडी झाली की पायानं एक रेघ पुसतेस आणि दुसरीकडे ओढतेस. दुसऱ्या दिवशी आम्ही नव्या भिंतीला धडकतो आणि पुन्हा शिकतो. एकदा तर तू बाबांची बाज रागारागानं पूर्ण काढूनच टाकलीस आणि त्या जागी एक रुंद फळी आखलीस, दिवसा बसायची, रात्री झोपायची आणि खाली कांदे ठेवायची. बाबा म्हणाले, कांद्यावर झोपू का मी? तू म्हणालीस, "कांदे घोरत नाहीत. त्याईले काही त्रास नाही."

माझी जागा तू सगळ्यात शेवटी पक्की केलीस. मला जमिनीवर उताणी निजवलंस, डोक्यापासून टाचेपर्यंत तुझ्या वितीनं मोजलंस, वर एक वीत आणखी धरलीस आणि म्हणालीस, "याच्याहून जास्त नोको वाढजो बाप्पा." मी दहा वर्षांची होते आणि मला तो हुकूमच वाटला. पुढं तीन वर्षांत मी ती वीत संपवली आणि मला खरंच अपराधी वाटलं होतं, हे तुला सांगायचं राहून गेलं.

मग ती सगळी मापं सुतळीवर गाठी मारून घेतलीस आणि मला घेऊन एसटीनं अमरावतीला गेलीस. ट्रकच्या बॉड्या बनवणारे एक मिस्त्री होते. टिनाचं शेड, आत लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज, आणि त्या आवाजात तू गाठींची सुतळी त्यांच्यापुढे सोडत होतीस. सागाचा सांगाडा आणि वर जस्ती पत्रा, इथपर्यंत दोघांचं जमलं. अडलं ते कोपऱ्यांवर. तुला कोपरे गोल पाहिजे होते, आणि छतही दोन्हीकडून उतरतं.

"बाई, बॉडी चौकोनीच असते," मिस्त्री म्हणाले. "गोल कराले पत्रा ठोकत बसा लागते. अन् फायदा काय? नुसतं दिसाले बरं."

"दिसाले नाही. ट्रक रोडनं जाते. माह्यं घर झाडायच्या मधातून जाईन. कोपरा फांदीत अडकला तं फांदी मोडन."

"मंग जरा दुरून न्या."

"फळ धरलेली फांदी खाली येते, मिस्त्री. थे दुरून जाऊ देत नाही. फांदी मोडली तं फळ माह्यं पडन, पत्रा तुमचा नाही पडणार."

मिस्त्रींनी कपाळाला हात लावला, पण कोपरे गोल केले. तू तेवढ्यावर थांबली नाहीस. बिजागऱ्या आत, कडी आत, पायरी खालून बाहेर ओढायची आणि निघताना परत आत सरकवायची. बाहेरून हात फिरवला तर कुठंच काही लागायला नको. घर तयार होऊन बागेत आलं तेव्हा ते झाडांमधून निघालं आणि तू मागून चालत होतीस, मान तिरकी करून, कान देऊन. फांदी मोडल्याचा 'कट्' असा आवाज येतो का ते ऐकत होतीस. आला नाही. तुझ्या तोंडावर काय होतं ते मला तेव्हा कळलं नव्हतं. काल कळलं.

आणि मग ती चूक. ती आठवली की मला अजून एकटीला हसू फुटतं. मृग बहाराची तोड जवळ आलेली, फाल्गुनातलं ऊन, आणि आपण पहिल्याच दुपारी आत जाऊन बसलो. थोड्या वेळानं घामानं निथळत बाबा म्हणाले, "खिडकी उघड वं." सगळ्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. घराला खिडकीच नव्हती. चुन्याच्या घराला भिंतीच नव्हत्या, त्यामुळे वारा चारी बाजूंनी यायचा आणि हवं ते दिसायचं. जे आपोआप होतं ते मागायचं असतं हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. सुतळीवर कोपराची गाठ होती, कांद्याची होती, खिडकीची नव्हती. मिस्त्रींनीही विचारलं नाही. नंतर ते म्हणाले, "मले वाटलं पेट्यायचं गोदाम करून राहिले." तू पायरीवर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलीस. तुला तसं हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

हसून झाल्यावर तू आम्हाला एकेकाला विचारलंस. "चुन्याच्या घरात पडल्या पडल्या काय दिसत होतं तुले?" मी म्हणाले, पेरूचं झाड. बाबा म्हणाले, रस्ता, कोण येऊन राहिलं ते. दादानं जरा वेळ विचार करून सांगितलं, काहीच नाही, मी तर झोपायचो. आणि तू स्वतःला विचारलंस आणि स्वतःच म्हणालीस, "मी चुलीपासून तुमाले पाहत होती, अन् अठून मले झाडायची शेवटची ओळही पाह्यजे." मिस्त्री पत्रा कापायची कात्री घेऊन एसटीनं बागेत आले, आणि जिथं ज्याची नजर होती तिथं तू खडूनं खूण केलीस. बाबांची खिडकी बसल्यावर डोळ्याशी येईल अशी, लांबट. तुझी चुलीपाशी, उभ्या बाईच्या उंचीची. माझी, माझ्या झोपायच्या फळीपासून चार बोटं वर, ताटाएवढी. मिस्त्री म्हणाले, "बाई, एवढ्या खाली खिडकी? कुत्रं पाहीन काय?" तू म्हणालीस, "माह्यी पोरगी पाहीन." दादाला खिडकी मिळाली नाही. झोपणाऱ्याला कशाला, म्हणालीस. तो त्यावर कितीतरी दिवस रुसून होता.

त्या घरात आपण किती बहार काढले ते मी मोजले नाहीत. बाबांचे गुडघे गेले, सौदे थांबले, मी लग्न होऊन अकोल्याला आले, आणि घर दादाच्या हातात गेलं. दादानं ते अकोल्याजवळ बाळापूर रोडवरच्या त्याच्या प्लॉटवर आणलं आणि संत्र्याच्या ज्यूसचं दुकान काढलं. त्याचाही काही दोष नाही, त्याला ते नवं करायचं होतं. बाहेरून दुसरा पत्रा ठोकून भगभगीत रंग दिला, आतून प्लायवूड, त्यावर मरून सनमायका, आरशांचं शोकेस, छताला थर्माकोलची फुलं, झालरीचे पडदे. पाहणारे म्हणायचे, काय मॉडर्न केलं बाप्पा. तुला मीच घेऊन गेले होते ते दाखवायला. तू प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलीस, ज्यूसचा ग्लास हातात धरलास आणि सनमायकावरून हात फिरवत विचारलंस, "खिडक्या कोठी गेल्या?" दादा म्हणाला, "एसी बसवतो न माय, खिडक्या कायले लागतात?" तू ज्यूस संपवलास, छान झाला म्हणालीस आणि घरी येऊन दुपारभर पडून राहिलीस. एसी काही आला नाही. दुकान बंद पडलं, तू गेलीस, आणि ते घर निंबाच्या झाडाखाली चाकं रुतवून उभं राहिलं.

या पावसाळ्यात दादाचा फोन आला. "प्लॉटवर गोदाम घालून राहिलो. रविवारी भंगारवाला येईन. तुले मायच्या गाडीतलं काही घ्याचं असन तं घेऊन घे." मी म्हणाले, बरं. फोन ठेवला आणि हातातल्या ब्लाउजची बाही उलटी जोडली. काय घेणार होते मी त्यातलं? सनमायका? तुझं होतं ते खाली होतं, असलं तर. पण मनातून ती गोष्ट जाईना. तुझ्या नावावर कधी घर नव्हतं, शेत नव्हतं. गावातलं घर आजीचं, नंतरचा फ्लॅट दादाचा. तू मनानं ठरवून, अंगानं मोजून केलेली एवढी एकच वस्तू जगात उरली होती, आणि ती किलोवर जाणार होती. ती ठेवून तरी मी करणार काय होते? माझ्या दोन खोल्यांत शिलाई मशीनलाच धड जागा नाही. मला ती ठेवायची नव्हती, ती कुणाच्या तरी कामाला यायला पाहिजे होती. नुसती आठवण म्हणून ठेवलेली वस्तू तुला आवडली नसती.

लेकीला सांगितलं तर ती म्हणाली, थांब, माझी एक मैत्रीण जागा शोधून राहिली. ही मैत्रीण कृषी विद्यापीठात संशोधन करते, संत्र्याची फळगळ कशानं होते यावर. त्यासाठी तिला आंबिया बहार संपेपर्यंत बागेतच मुक्काम हवा, पहाटे आणि संध्याकाळी गळलेली फळं गोळा करायला. पण तिला रांगतं लेकरू आहे, अंगावर पितं. गावात खोली घेतली तर बाग लांब पडते, लेकरू अकोल्याला ठेवलं तर तिचा जीव थाऱ्यावर राहत नाही. साहेबांनी सांगितलं होतं की जमत नसेल तर काम दुसऱ्याला देतो. ती आली, लेकरू कडेवर, आणि तिनं दादाच्या प्लॉटवर ते घर पाहिलं. आत उंदरांचा वास, सनमायकाचे पापुद्रे सुटलेले, थर्माकोलची फुलं काळी पडलेली. ती दारातच थांबली. "काकू, राग नका मानू," ती म्हणाली, "पण यात लेकरू घेऊन मी नाही राहू शकत." राग कसला मानायचा. मलाही त्यात राहता आलं नसतं.

जाण्याआधी माझ्या लेकीनं तिला सहज विचारलं, तुला नेमकं पाहिजे काय? ती सांगत गेली आणि लेक लॅपटॉपवर आखत गेली. स्वयंपाक दाराशी, म्हणजे धूर बाहेर जाईल. स्वयंपाक करताना लेकरू डोळ्यासमोर पाहिजे. सूक्ष्मदर्शकासाठी बसल्या उंचीला उजेड. रुंद फळी, दिवसा बसायला, रात्री झोपायला, खाली नमुन्यांचे डबे. आणि बाहेर काही टोकदार नको, कारण झाडांमधून न्यायचं आहे. मी शेजारी बसून ऐकत होते आणि हळूहळू पडद्याकडे सरकत होते. लेकीच्या पडद्यावर जो चौकोन तयार होत होता तो मी आधी पाहिला होता. सारवलेल्या अंगणात, चुन्यानं काढलेला. मी म्हणाले, "हे सगळं आत आहे. सनमायका काढा."

शनिवारी मी आणि लेक हातोडी, छिन्नी आणि पत्रा कापायची कात्री घेऊन गेलो. शोकेस निघालं, प्लायवूडला हात घातला, आणि मला धाकधूक, की दादानं तेव्हा खिडक्यांच्या चौकटी काढून विकल्या तर नसतील? त्याला फोनवर विचारलं तर म्हणाला, आठवत नाही, असतील काढल्या. पहिली तखती उचकटली आणि मागे तुझी चुलीची खिडकी निघाली, सागाच्या झडपेसकट. झडप वर धरून ठेवायची ती काठीही तिथंच दोरीला लटकत होती. लेकीनं झडप आतल्या अंगाला वर केली, काठी लावली, आणि ती राहिली. तिच्यापुढचा दादाचा बाहेरचा पत्रा कापला तसा उजेड आत आला. मग बाबांची लांबट खिडकी निघाली, मग ती फळी, तिच्याखाली कांद्याच्या कप्प्याची जाळी. दुपारपर्यंत तुझं घर बहुतेक मोकळं झालं. लेक मधोमध उभी राहून म्हणाली, "आई, यातलं जे जे जुनं दिसत होतं ते सगळं मामाचं होतं. आजीचं काहीच जुनं दिसत नाही." मी जन्मभर ब्लाउज शिवले. मला त्यात नवल वाटलं नाही. फॅशन बाहीत असते, गळ्यात असते; ती दर चार वर्षांनी उसवून पुन्हा लावायची. खांदा अंगाच्या मापाचा बसला असेल तर त्याला कुणी हात लावत नाही. तू नुसते खांदे शिवले होतेस, बाही लावलीच नव्हतीस, आणि दादानं त्या खांद्यांना झालर जोडली.

माझी खिडकी मात्र सापडेना. खालच्या तखत्या दोन ठिकाणी उचकटून पाहिल्या, मागे नुसता पत्रा. मी मनाशी म्हटलं, जाऊ दे, बाकीचं आहे. तेवढ्यात दादा आला. त्याला वाटलं होतं आम्ही एखादं भांडं, एखादी फळी घेऊन गेलो असू. तो दारात उभा राहिला, मोकळ्या भिंतींकडे पाहत राहिला, आणि मग सरळ कोपऱ्यात जाऊन गुडघ्यावर बसला. "अठी पाह्य," म्हणाला आणि माझ्या हातातली छिन्नी घेऊन त्यानंच तखती उचलली. ताटाएवढी खिडकी, काच धुळीनं माखलेली, पण शाबूत.

"तुले बरं आठवलं," मी म्हणाले.

"मले खिडकी नव्हती भेटली," दादा म्हणाला. "ज्याले नाही भेटत त्यालेच आठवते."

मग त्यानं खिशातून फोन काढला आणि भंगारवाल्याला सांगितलं की रविवारी येऊ नको. चाकं बदलायचंही त्यानंच अंगावर घेतलं. मला त्या वेळी इतकं हलकं वाटलं की मी पायरीवर बसले आणि मला तुझ्यासारखं हसू यायला लागलं.

मैत्रीण पुन्हा आली. दादाचा बाहेरचा पत्रा पुरता काढून, सगळं धुऊन पुसून, सागाला तेल लावून ठेवलं होतं. ती चुलीपाशी उभी राहिली, खिडकीतून पाहिलं, वळून पाहिलं. लेकराला तिनं माझ्या फळीवर ठेवलं. ते जरा वेळ रांगलं, मग पोटावर पडलं आणि त्या खालच्या खिडकीला नाक लावून बाहेर बघायला लागलं. बाहेर दादाच्या प्लॉटवरची एक कोंबडी होती. लेकरानं तिला हाक मारली. मैत्रिणीनं माझ्याकडे पाहून विचारलं, "काकू, हे कोणत्या आर्किटेक्टनं केलं?" माझी लेक म्हणाली, "माझ्या आजीनं." त्यानंतर मैत्रिणीनं एवढंच विचारलं की कधी नेता येईल.

काल नेलं, दादाही सोबत आला. वरुडपर्यंत ट्रकवर चढवून, तिथून पुढं ट्रॅक्टरला जोडून. दोन दिवस उघाड होती, बागेतली वाट वाळली होती. आंबिया बहार यंदा चांगला धरला आहे, हिरव्या फळांनी फांद्या खाली आलेल्या, जागोजागी बांबूच्या टेकण्या. बागवान ट्रॅक्टरपुढे हात आडवा करून उभा राहिला. "हे एवढं धूड ओळीतून नेता? माह्या फांद्या मोडन." मी म्हणाले, "मोडणार नाही. एक मोडली तं अठीच थांबवा." बोलून गेले आणि मागच्या कोपऱ्याशी जाऊन उभी राहिले. ट्रॅक्टर निघाला. मी मागून चालत होते, मान तिरकी करून. फांद्या कोपऱ्यावर टेकायच्या, गोलाईवरून घसरत मागे जायच्या आणि पुन्हा आपल्या जागी यायच्या. पानं पत्र्यावर घासल्याचा आवाज येत होता, दुसरा कुठला नाही. ओळीच्या टोकाला ट्रॅक्टर थांबला. बागवान मागे गेला, दोन्ही बाजूंची झाडं पाहून आला, आणि म्हणाला, "कोणं बनवलं हे?" मी अजून मागच्या फांद्या निरखत होते. दादानं सांगितलं, "आमच्या मायनं." मग बागवानानं घरावर हात फिरवला, पुढून मागेपर्यंत. हाताला कुठं काही लागलं नाही. "अजून एक भेटन का असं?" त्यानं विचारलं, आणि माझ्या लेकीनं लगेच त्याचा नंबर घेतला. ती आता अंगणात चुना टाकणार आहे. त्याच्या बायकोला आणि पोरांना आठवडाभर त्यात राहायला लावणार आहे. खिडक्यांचं मी तिला आधीच सांगून ठेवलं.

निघायच्या आधी सगळे बाहेर चहा पीत होते तेव्हा मी आत जाऊन माझ्या फळीवर आडवी झाले. मावत नाही मी. पाय गुडघ्यात दुमडून घ्यावे लागले. खिडकीतून संत्र्याचं खोड दिसत होतं आणि त्याच्या बुडाशी गळून पडलेली दोन फळं. मैत्रीण आत आली, मला तसं पाहून हसली. लेकही मागून आली आणि म्हणाली, "आई, ही फळी फार आखूड आहे. शेजारचा कप्पा थोडा मागे सरकवला की सहज लांब होते, मी पुढच्या फेरीत करून देते." मी म्हणाले नको, सांगाडा कमजोर होईल. सांगाड्यावर माझा फार अभ्यास आहे असं समजून तिनं ते ऐकलं.

हे पत्र कुठं टाकायचं? घरातच फळीखाली ठेवावं असं वाटलं होतं, पण तिथं आता फळगळीच्या नमुन्यांचे डबे आहेत. मशीनच्या ड्रॉवरमध्ये ठेवते, बॉबिनींच्या खाली. आणि माय, सांगाडा काही कमजोर होत नव्हता. फळी चांगली हातभर लांब करता आली असती. पण पुढं जन्मभर माझी मापं मीच घेतली. तुझ्या वितीनं घेतलेलं माझं माप तेवढ्या एकाच ठिकाणी उरलं आहे, वाढीच्या एका वितीसकट.